नाद

आपल्या भाषेत काही शब्द मोठे मिस्कील आहेत. वरून साधे दिसतात, पण त्यांच्या पोटात दोन-दोन अर्थ गुण्यागोविंदाने नांदत असतात. 'नाद' हा त्यांतलाच एक. देवळातल्या घंटेचा होतो तोही नाद, आणि चांगल्या धडधाकट माणसाला घरदार विसरायला लावतो तोही नादच. पहिल्याला आपण ब्रह्म म्हणून हात जोडतो. दुसऱ्याचे नाव निघाले की घरातल्या बायका कपाळाला हात लावतात. हे दोन अर्थ एका शब्दात कसे येऊन बसले, याचा उलगडा पंडितांनी केला असेल तसा करोत. मला तो माझ्या थोरल्या चुलत्यांकडे पाहून झाला. त्यांना हे दोन्ही नाद एकाच वस्तूने लावले होते. ती वस्तू म्हणजे ढोलकी.

चुलत्यांना आम्ही सारी मुले 'आबा' म्हणत असू. कळंब तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन. ज्वारी, तूर, पाऊस बरा झाला तर थोडा हरभरा. आबांना विडीकाडीचे व्यसन नव्हते, पत्ते त्यांनी कधी हातात धरले नाहीत, दारूच्या वाटेला तर ते गेलेच नाहीत. असा निर्व्यसनी माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता. पण दसऱ्याचे सोने लुटून झाले की या माणसाच्या पायांना मुंग्या येऊ लागत. कारण दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात, आणि ते थेट वैशाखापर्यंत गावोगाव हिंडत असतात.

फडही त्यांनी एकच धरला होता. जुन्नरकडचा होता तो. त्यातले ढोलकीवाले 'वस्ताद' हे आबांचे दैवत. हा फड आमच्या बाजूला आला, की जिथे तंबू पडेल तिथे आबा हजर. त्यामुळे आबांचे पंचांगच निराळे झाले होते. मार्गशीर्ष म्हणजे नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा. पौष पौर्णिमा म्हणजे नळदुर्गचा खंडोबा. महाशिवरात्र म्हणजे लातूरचा सिद्धेश्वर. आणि चैत्र पौर्णिमा म्हणजे आमच्या उशाची येरमाळ्याची येडेश्वरी. लोक देवाला जात आणि जमल्यास तमाशा पाहत. आबा तमाशाला जात. पण गाभाऱ्यापर्यंत गेल्याशिवाय तंबूत पाऊल टाकत नसत. "देवीच्या मांडवात आलोय, तिला सांगून जावं," असे ते म्हणत.

जाण्यायेण्याचीही तेव्हा एक मौज होती. आमच्या भागातून बार्शी लाईट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी जात असे. कुर्डुवाडी-बार्शी हा तिचा पहिला तुकडा १८९७ साली सुरू झाला, आणि पुढे ती लातूरपर्यंत आली. येडशीच्या स्टेशनावर आबा घोंगडे खांद्यावर टाकून उभे राहत. गाडी इतक्या सावकाश चाले, की उतरून लघवीला जाऊन पुन्हा चढता येते असा तिचा लौकिक होता. आता तिथे रुंद रूळ आले आहेत आणि गाडी धाराशिव शहरावरून जाते. वेग वाढला; पण डब्यातून ढोलकीचे बोल तोंडाने म्हणत जाणारे आबांसारखे उतारू मात्र राहिले नाहीत.

मी पहिल्यांदा आबांबरोबर गेलो तो १९९० सालच्या चैत्रात, येरमाळ्याला. माझे वय दहा. पालखी डोंगरावरून आमराईत उतरलेली, चुनखडीचे खडे वेचणाऱ्या माणसांनी रान फुललेले, आणि संध्याकाळ पडता पडता कनातीमागून हलगी शेकल्याचा वास. तंबूत भुईवरच बसायचे. आबांची जागा ठरलेली असे, अगदी पुढे, पण मधोमध नाही; जरा उजवीकडे, जिथून ढोलकीवाल्याचे दोन्ही हात दिसतील अशी. सगळा तंबू नाचणारणीच्या पायांकडे बघत असे. आबा एकटे हातांकडे बघत.

तमाशा ज्यांनी पाहिला नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गौळण. तिच्यात मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी असतात, त्यांची ती भांडखोर मावशी असते, आणि वाट अडवणारा कृष्ण नि त्याचा सवंगडी पेंद्या. मग बतावणी, म्हणजे सोंगाड्याची नि सरदाराची हजरजबाबी जुगलबंदी. मग लावण्यांची रंगबाजी. आणि शेवटी वग, म्हणजे नाटक. वगाची गोष्ट ठरलेली असते, पण संवाद कागदावर नसतात. सोंगाड्या संध्याकाळी गावात पानाच्या ठेल्यावर उभा राहतो, सरपंच कोण, पाण्याची टाकी किती वर्षे गळते आहे, याची चौकशी करतो, आणि रात्री तीच टाकी राजाच्या दरबारात आणतो. सांगली भागातल्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला' या वगातले दोन हवालदार वर्षानुवर्षे रंगवले. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' लोकांनी किती वेळा पाहिले याला हिशेब नाही. लोकांना गोष्ट पाठ होती. तरी ते पुन्हा जात. कारण काल राजा जे बोलला ते तो आज बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आमच्या काकूंना मात्र हे पटत नसे. "रोज तेच काय ऐकायलाव?" हा त्यांचा सवाल. तो बिनतोड होता असे मला लहानपणी वाटे. आबा तिकिटाला पैसे घालत, एसटीला घालत, आणि मुख्य म्हणजे दौलतजादा करीत. ती नाचणारणीला नव्हे. एखादा तोडा मनासारखा वाजला की उठून वस्तादांच्या पायाशी पाच-दहा रुपये ठेवून येत. एका वर्षी दोन पोती ज्वारी विकून आलेला पैसा घरी निम्माच पोचला. त्या रात्री चुलीपाशी जे बोलणे झाले त्यातला 'नाद' हा शब्द कोणत्या अर्थाचा होता हे सांगायला नको.

आबांचे उत्तर काय होते? ते वादात पडत नसत. एकदाच मला म्हणाले, "आपण दरसाल पंढरीला जातो, तिथं इठ्ठल काय दरसाल निराळा असतो? तोच असतो. आपण निराळे होऊन जातो." थोडा वेळ गप्प बसून मग म्हणाले, "आणि ढोलकी तर रोज निराळीच असते. चामडं आहे ते. थंडी पडली, दव पडलं, की आवाज उतरतो. दोऱ्यातल्या कड्या ओढून चढवावा लागतो. माणसाचं पण तसंच. आज वस्तादांचं पोट दुखत असंल, घरून कागद आला असंल. ते सगळं हातात उतरतं. मी ते ऐकायला जातो."

हा नाद काही आबांपासून सुरू झालेला नाही. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे १८६६ साली जन्मलेले गृहस्थ घरचे वतनदार ब्राह्मण. त्यांनाही लावणीचा असाच नाद लागला. आबा तंबूतल्या भुईवर थांबले. कुलकर्णी बोर्डावर चढले. पवळा या महार समाजातल्या कलावतीबरोबर त्यांनी फड उभा केला, लावण्या आणि वग लिहिले, त्यांचा 'मिठाराणीचा वग' गावोगाव गाजला, आणि कुलकर्ण्यांचे पठ्ठे बापूराव झाले. जातगोत, वतन, प्रतिष्ठा यांवर त्यांनी पाणी सोडले. १९४५ साली ते गेले तेव्हा हाताशी फारसे काही उरले नव्हते. नादाची किंमत अशी असते. ती देणाऱ्याला ती जास्त वाटत नाही. बाजूला उभ्या असलेल्यांना वाटते.

आणि हे खूळ एकट्या महाराष्ट्राच्याच मातीत उगवते असेही नाही. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत नोकरीला असतो. सुट्टीत भेटायला आला तेव्हा त्याने 'ग्रेटफुल डेड' नावाच्या एका वाद्यवृंदाची हकिगत सांगितली. हा वाद्यवृंद १९६५ साली कॅलिफोर्नियात निघाला, आणि त्यातला मुख्य गिटारवाला जेरी गार्सिया ऑगस्ट १९९५ मध्ये वारला तोवर, तीस वर्षे, तो गावोगाव वाजवीत फिरला. त्याच्यामागून माणसेही फिरत. मोटारीतच निजायचे, मैदानाबाहेर खाण्याचे जिन्नस नि रंगीबेरंगी सदरे विकून पेट्रोलपुरते पैसे मिळवायचे, आणि उद्याच्या गावाला निघायचे. या लोकांना 'डेडहेड' म्हणत. कोणत्याही दोन रात्री तो वाद्यवृंद तेच कार्यक्रमपत्रक तसेच्या तसे वाजवीत नसे. म्हणून एक रात्र चुकली तर ती कायमची गेली. त्यांतले पुष्कळ जण आपली ध्वनिमुद्रणयंत्रे घेऊन येत, आणि वाद्यवृंदाने त्याला मनाई तर केली नाहीच, उलट १९८४ पासून त्यांच्यासाठी निराळी जागा राखून ठेवली.

मी ही सगळी कथा आबांना मोठ्या रसाने सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "त्यांच्यात ढोलकीला कोण होतं?"

"ढोलकी नाही आबा, ड्रम असतात. आणि बहुतेक वर्षं त्यांच्यात वाजवणारे दोघे होते."

"दोघं?" आबा जरा विचारात पडले. "एकाला एवढं जमत नसंल."

परंतु नादी माणसाची गोष्ट सांगताना एक बाजू नेहमी अंधारात राहते. ज्याच्यामागे आपण फिरतो त्याचे काय? आपण एक रात्र जागतो; त्याने रोज जागायचे असते. विठाबाई नारायणगावकरांची एक कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या, भाऊ-बापूंच्या फडात वाढलेल्या या बाईने लावणीवर राज्य केले. दिवस भरलेले असतानाही त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच कळा सुरू झाल्या म्हणून कनातीमागे गेल्या, तिथे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला बाहेर आल्या, अशी ती कथा. प्रेक्षकांच्या ध्यानात आले तेव्हा त्यांनी खेळ थांबवून हात जोडले, असे सांगतात. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा गौरव झाला. उतारवयात मात्र हलाखी आली, आणि २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण मला नेहमी वाटते, की त्या रात्री त्या बाहेर का आल्या? बाहेर शिट्ट्या वाजत होत्या म्हणूनच ना? त्या शिट्ट्या वाजवणारेही विठाबाईंचे भक्तच होते.

हे मला सुचले ते काकूंमुळे.

१९९२ च्या चैत्रात फडाला आमच्याच गावच्या जत्रेची सुपारी मिळाली. रात्रीच्या तमाशाला घरच्या बायकांनी जायचे नाही, हा रिवाज. पण रात्रभर वग झाल्यावर सकाळी फड देवळापुढे 'हजेरी' देतो, आणि ती उघड्यावर असते. देवळाच्या पायऱ्यांवर बसून बायकाही ती पाहतात. काकू त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदा ढोलकीला सामोऱ्या गेल्या. मध्येच पाणी आणायला म्हणून उठल्या, आणि फडाच्या ट्रकमागून गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या त्या थेट घरीच.

दुपारी आबा जेवायला बसले तेव्हा काकू म्हणाल्या, "ती शेवटाला नाचली ती पोर, ट्रकामागं लेकराला पाजत बसलीती. पायातले चाळ सोडायला सवड नव्हती तिला. लेकरू चाळाच्या आवाजानं दचकायलंतं."

आबा घास घेत राहिले.

"इतकी वर्सं ढोलकीचं सांगायलाव. ह्या पोरीचं कधी बोलला नाहीत."

आबांनी उत्तर दिले नाही. पण पुढच्या वर्षापासून दोन गोष्टी झाल्या. आबा जत्रेला निघाले की काकू भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून देऊ लागल्या. ती आबांसाठी नसे. "बायांच्या पालात द्या, पुरुषांच्या नको," असे बजावून देत. आणि दुसरी म्हणजे, मध्यरात्र उलटल्यावर आबा कधी 'वन्समोर' म्हणेनासे झाले. तंबू ओरडत असला तरी हे हाताची घडी घालून बसत. त्यांच्या शेजारचे एकदा म्हणाले, "काय आबा, आवडलं नाही का?" आबा म्हणाले, "लई आवडलं. म्हणूनच."

आता सांगतो ती हकिगत नळदुर्गची आहे. साल १९९८, पौष पौर्णिमा. आमच्या भागातले हे खंडोबाचे ठाणे मजेचे आहे. देव वर्षातला बराच काळ अणदूरला असतो आणि मग नळदुर्गला येतो. एकच मूर्ती, दोन घरे. मी तेव्हा मॅट्रिक होऊन दोन वर्षे झाली होती. रात्री कडाक्याची थंडी. तंबू भरलेला. वस्तादांचे वय साठीच्या पुढे गेले होते. लावण्या झाल्या, टाळ्या झाल्या, फेटे उडाले. मला तर सारे उत्तमच वाटले. पण एका लावणीच्या शेवटी लय चढत गेली तेव्हा आबांनी डोळे मिटून घेतले आणि ते पुन्हा उघडले नाहीत.

सकाळी बोरी नदीच्या बाजूला चहाच्या पालात वस्ताद येऊन बसले. बरोबर त्यांचा भाचा, वीस वर्षांचा, ढोलकीची पिशवी सांभाळणारा. वस्तादांचा एक रिवाज होता. दर खेळानंतर ते आबांना विचारत, आणि आबा 'बेस' म्हणत.

"आबा, काल कसं झालं?"

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "वस्ताद, डावा हात मागं राहायला लागलाय."

वस्ताद काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोकांना कळलं?"

"नाही."

"मग?"

"मला कळलं. औंदाच नाही, गेल्या सालापासून कळायलंय."

तो भाचा उठून बाहेर गेला. मलाही तिथून उठावेसे वाटत होते. आबा खाली बघून बोलत होते. "पोराला बसवा आता. तुम्ही शेजारी झांज घेऊन बसा. त्याला चुकू देऊ नका."

वस्तादांनी दोन्ही तळहात वर करून क्षणभर पाहिले. चहाचे पैसे नेहमी आबा देत असत. त्या दिवशी ते वस्तादांनी दिले. आबांना देऊ दिले नाहीत.

एसटीत तुळजापूर येईपर्यंत आबा बोलले नाहीत. माझ्याने राहवेना. फडात ढोलकीवाल्याची उचल मोठी असते, हे मला ठाऊक होते. हंगामाआधी मालक कलावंतांना आगाऊ रक्कम देतो, तिच्यावर घर चालते, मुलींची लग्ने होतात. ढोलकी सुटली की ती उचल सुटली. झांजेला ती कोण देणार? मी म्हणालो, "आबा, लोकांना कळलं नव्हतं. तुम्ही कशाला सांगितलं?"

आबा म्हणाले, "एकदा येणारा टाळ्या वाजवून जातो. त्याला काय ठाऊक, काल कसं वाजलं होतं? रोज येतो त्यानं सांगितलं नाही, तर मग रोज यायचं कशाला?"

या वाक्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. कागदावर लिहिणाऱ्याचे एक बरे असते. लिहिलेले राहते, पुढे कधी कोणी वाचून चूक दाखवते. ढोलकी वाजली की हवेत विरून जाते. कालच्या रात्रीचा पुरावा कुठे असतो? तो अशा एखाद्या नादी माणसाच्या कानातच असतो. फडाची वही मालकाजवळ. पण फडाची आठवण श्रोत्याजवळ. ती जो सांभाळतो, त्याच्यावर खरे बोलण्याची जबाबदारीही येते. आणि ते खरे बोलताना समोरच्याच्या पोटावर पाय पडतो हे दिसत असूनही बोलावे लागते. आपण ज्याला भक्ती म्हणतो तिच्यात हे कलम असते, हे मला त्या एसटीत कळले.

त्या चैत्रात येरमाळ्याची जत्रा आली तरी आबा उठेनात. बैलांना काहीतरी झाले आहे, पाठ धरली आहे, अशी कारणे सांगू लागले. शेवटी काकूंनीच भाकरी बांधली. म्हणाल्या, "जावा की. सांगायला तोंड होतं, मग आता ऐकायला कान नाहीत का?" आबा गेले. ढोलकीला भाचा होता. शेजारी झांज घेऊन वस्ताद बसले होते, आणि त्यांच्या झांजेने पोराला असे धरून ठेवले होते, जसे पोहायला शिकणाऱ्याच्या पोटाखाली बापाचा हात असतो. उचलीचे पुढे काय झाले ते सांगतो. ती मालकाने भाच्याच्या नावावर केली. घर एकच होते. पुढची सात वर्षे, अखेरपर्यंत, वस्तादांनी झांज वाजवली. खेळानंतर आबांना विचारायचे मात्र त्यांनी सोडले नाही. फक्त प्रश्न बदलला. "आबा, पोराचं कसं झालं?"

नंतरच्या वर्षांत तमाशाचे दिवस पालटले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले; रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद. कायदा गैर नाही. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप हवीच. पण जो वग रात्री बारानंतर उभा राहून उजाडेपर्यंत चालायचा, त्याने दहाच्या आत कसे आटपावे? मग गण-गौळण उरकू लागली, सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच वाढले, आणि वग पुष्कळ ठिकाणी नावापुरता राहिला. जत्रा कमिट्या ऑर्केस्ट्रा आणू लागल्या. पोरांनी मोबाईल उभे धरले. माझ्या पुतण्याने एकदा भाच्याची एक लावणी मोबाईलवर टिपून आणली आणि आबांना ऐकवली. आबांनी कौतुकाने ऐकली. दुसऱ्या दिवशी पुतण्याने तीच पुन्हा लावली. आबा म्हणाले, "हे कालचंच वाजायलंय की रे." पुतण्या म्हणाला, "आबा, तेच वाजणार." आबांनी मोबाईल हळूच त्याच्या हातात परत दिला.

मग २०२० साल आले. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच तिथे येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. चैत्र-वैशाखाच्या त्या दोन महिन्यांच्या कमाईवर पुढचे वर्ष निघते. त्या साली पाडवा २५ मार्चला होता, आणि देशभरची टाळेबंदी सुरू झाली तीही २५ मार्चलाच. जत्रा बंद, तंबू बंद. पुढल्या चैत्रातही तेच. कांताबाई सातारकरांसारखी थोर कलावती मे २०२१ मध्ये करोनानेच गेली. फडांनी काढलेली कर्जे तशीच, कलावंतांनी घेतलेली उचल तशीच, आणि हाताला काम नाही. कोणी मजुरीला गेले, कोणी भाजी विकू लागले.

त्या पहिल्या उन्हाळ्यात एके दिवशी भाच्याचा फोन आला. त्याने काही मागितले नाही. आबांची प्रकृती विचारली, पाऊसपाणी विचारले, आणि मग म्हणाला, "ढोलकी खुंटीला आहे आबा. कड्या सैल करून ठेवल्यात." आबांनी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बसले. काकूंनी ऐकले होते. घरातला पैशाचा डबा कुठे असतो हे आबांना चाळीस वर्षांत कळले नव्हते. त्या दिवशी काकूंनी तो आपण होऊन खाली काढला. दोन हजार रुपये मोजले, पुतण्याला बोलावले आणि त्याच्या मोबाईलवरून ते भाच्याला पाठवायला लावले. "कशाचे म्हणून सांगू?" असे पुतण्याने विचारले. काकू म्हणाल्या, "तिकिटाचे. औंदाच्या सालाचे."

काकूंना तंबूत बसलेले मी पुढे पाहिले ते २०२२ च्या चैत्र पौर्णिमेला. दोन वर्षांनी येरमाळ्याची जत्रा भरली होती. आबांचे गुडघे गेलेले, वय ऐंशीच्या पुढे. म्हणून आम्ही जीप केली, आणि ऐन वेळी काकूही चढून बसल्या. कोणी काही विचारले नाही. आधी येडेश्वरीचे दर्शन घेतले, मग तंबू. आबांना त्यांच्या जागी, जरा उजवीकडे, पोते घालून बसवले. काकू शेजारी पदर सावरून बसल्या. भाच्याचे केस पांढरे व्हायला लागलेले. दोन वर्षे खुंटीला राहिलेली ढोलकी त्याने कड्या ओढून चढवली, पहिली थाप मारली, आणि आमच्या तेरखेड्याच्या दारूकामाने दिवाळीत आभाळ भरावे तसा तो तंबू भरून गेला. काकूंनी एकदा आबांकडे पाहिले. आबा हातांकडे पाहत होते.

दहाच्या आत खेळ आटोपला. भाचा घाम पुसत, ढोलकी गळ्यात तशीच ठेवून, थेट आबांपाशी आला. वाकून नमस्कार केला आणि मामाच्याच शब्दांत विचारले, "आबा, कसं झालं?"

आम्ही सगळे आबांच्या तोंडाकडे पाहू लागलो. आबांनी बराच वेळ घेतला.

"दोन वर्सांनी ऐकलंय बाबा," ते म्हणाले. "एका रात्रीवर कसं सांगू? उद्या परत ऐकतो, मग सांगतो."

मी काकूंकडे पाहिले. काकू पदराआड हसत होत्या. जीपवाल्याला दुसऱ्या दिवसाचे भाडे त्यांनीच ठरवून दिले.